तार, खांब आणि आकडा

ओसाड जागेवर वस्ती उभारण्याचे जे संगणकीय खेळ गेल्या साडेतीन दशकांत निघाले, त्यांच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने संहिता म्हणून पाहण्यास हरकत नसावी. संहितेत जे लिहिलेले असते त्याच्या जोडीने जे गाळलेले असते तेही वाचायचे असते, हे आपण वर्गात कादंबरीच्या संदर्भात सांगतच असतो. या खेळांना तोच नियम लावला तर एक गाळलेली जागा फार ठळकपणे दिसते, आणि त्या जागेचे नाव, आमच्यापुरते तरी, घुग्घुस असे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातले, वर्धा नदीच्या काठचे, कोळशाच्या खाणींचे हे गाव कोणत्याही खेळाच्या नकाशावर नाही. परंतु ज्या ज्या खेळात विजेची तार ओढून घरे उजळवायची असतात, त्या खेळाच्या पोटात एक घुग्घुस दडवलेले असते. ते कसे, हे पाहण्यासाठी आधी खेळाची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. ज्या वाचकांना या खेळांचे वावडे आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोसावेत. नंतरची हकीकत आपल्याच मुलखाची आहे.

१९८९ साली विल राइट यांचा ‘सिमसिटी’ हा खेळ बाजारात आला. शहर वसवणे हाच त्यातला व्यवहार. जमिनीचे पट्टे आखायचे, त्यांवर निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा खुणा करायच्या, रस्ते टाकायचे. पण वीज पोचेपर्यंत त्या पट्ट्यावर एकही घर उभे राहत नाही. वीज न पोचलेल्या पट्ट्यावर विजेच्या कडकडाटाचे एक लहानसे चिन्ह लुकलुकत राहते, आणि ते विझवण्यासाठी खेळणाऱ्याला खांब रोवत तारा न्याव्या लागतात. वीजकेंद्रे दोन प्रकारची: कोळशाचे आणि अणूचे. कोळशाचे स्वस्त, पण धूर ओकणारे. अणूचे महाग, आणि अपघाताचा धोका असलेले. इतपत विचार त्या खेळाने केला होता. मात्र कोळशाच्या केंद्राला कोळसा कोठून येतो, हा प्रश्न खेळात उपस्थितच होत नाही. केंद्र विकत घेतले की ते चालू. खाण नाही, वाघिणी नाहीत, राख नाही. (याच मालिकेतल्या २०१३ च्या आवृत्तीत खाण आणि कोळशाची ने-आण आली, हे नोंदवले पाहिजे, पण तोवर जवळजवळ एक पिढी बिनकोळशाच्या कोळसाकेंद्रावर वाढली होती.)

नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ‘फॉलआउट ४’ मध्ये तारांची ही कारागिरी अधिक जवळून करायला मिळते. काळ इसवी सन २२८७, स्थळ अणुयुद्धानंतरचे बॉस्टन आणि त्याच्या आसपासचा उजाड प्रदेश. उरल्यासुरल्या माणसांना एकत्र आणून वस्त्या वसवायच्या. लहान जनित्र तीन एकक वीज देते, मधले पाच, मोठे दहा. जनित्रापासून खांबाला, खांबापासून भिंतीवरच्या जोडणीला तार न्यायची. दिव्याला स्वतंत्र तार लागत नाही, जोडणीच्या परिघात तो आला की आपोआप पेटतो, पण पाणी शुद्ध करणारे मोठे यंत्र असेल तर तार थेट त्याच्यापर्यंत न्यावी लागते. एका तारेला एक एकक तांबे लागते, आणि ते तांबे जुने दिवे, हॉटप्लेट, टेलिफोन मोडून मिळवायचे. रेडिओचा मनोरा वीज पिऊ लागला की त्याच्या हाकेने दूरदूरची माणसे वस्तीला येऊ लागतात. तांब्याची इतकी काटेकोर मोजदाद करणारा हा खेळ जनित्राच्या इंधनाबाबत मात्र संपूर्ण मौन पाळतो. जनित्र धडधडत असते, त्याचा आवाज ऐकू येतो, पण त्यात काहीही घालावे लागत नाही. जगबुडीनंतरच्या त्या भुकेल्या जगात अन्नाचा दाणा मोजला जातो, पाणी मोजले जाते, आणि अग्नी तेवढा फुकट असतो. खेळ रंजक व्हावा म्हणून हे केले, हे उघड आहे. तरी विजेविषयीची शहरी माणसाची जी कल्पना असते, म्हणजे ती भिंतीतून येते, तिचीच ही प्रतिकृती आहे असे वाटल्यावाचून राहत नाही.

महाराष्ट्रातल्या विजेचा इतिहास याच कल्पनेच्या उलट टोकाकडून वाचता येतो. तो तारेच्या कोणत्या टोकाला कोण बसले होते याचा इतिहास आहे. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम धावली. तिच्यासाठीची वीज शहरातच तयार होत होती. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मुंबईच्या गिरण्यांचे चाते फिरवू लागले. वीज निर्माण करण्याची जागा आणि वापरण्याची जागा यांच्यात प्रथमच इतके अंतर पडले, आणि त्या अंतराबरोबर एक नवा प्रश्नही जन्माला आला. मुळशी खोऱ्यात धरण बांधायचे ठरले तेव्हा मावळ्यांच्या शेतजमिनी पाण्याखाली जाणार हे उघड झाले. १९२१ च्या एप्रिलमध्ये सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि या लढ्यातूनच त्यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली. लढा १९२४ पर्यंत कसाबसा चालला आणि हरला. १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. मुळशीचे पाणी डोंगराच्या पश्चिमेला कोकणात उतरवून तयार झालेली वीज मुंबईला गेली. आपल्याकडे मुळशीचा सत्याग्रह धरणविरोधी लढ्यांच्या इतिहासात वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. पण तो तारेचाही इतिहास आहे. भाताची खाचरे आणि गिरणीतला दिवा ही एकाच तारेची दोन टोके होती, आणि खाचरवाल्याच्या झोपडीत त्या तारेचा फाटा येणार नव्हता. पुढे कोयनेच्या बाबतीतही, १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली तेव्हा, याहून फार निराळे घडले नाही.

खाली कोळसा आणि वर जंगल असलेल्या चांद्याच्या मुलखाची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथला कोळसा वीजयुगाच्या आधीच बाहेर पडू लागला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी आमदानीने वर्धा खोऱ्यात कोळशाचा शोध घेतला, वरोऱ्याला खाण काढली आणि तिच्यासाठी लोहमार्ग नेला. तेव्हाचे गिऱ्हाईक रेल्वेचे इंजिन. वरोऱ्याची ती खाण १९०६ साली बंद पडली आणि तिची जागा बल्लारपूरने घेतली. भूशास्त्रज्ञ या कोळशाला ‘गोंडवाना’ समूहातला म्हणतात. हे नाव भूशास्त्रात आणले ते भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातल्या मेडलिकॉट यांनी, आणि नंतर एडुआर्ड ज्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने दक्षिण गोलार्धातल्या प्राचीन महाखंडालाच ‘गोंडवानालँड’ म्हटले. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका या सगळ्यांना सामावणारे नाव गोंडांच्या देशावरून पडावे आणि त्या गोंडांच्या पाड्यांवर दिवा सर्वांत शेवटी लागावा, याची नोंद साहित्याच्या माणसाने केलीच पाहिजे. भूशास्त्रज्ञ ती करणार नाहीत.

१९६० च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी नागपूर मुख्यालयासह अस्तित्वात आली आणि घुग्घुसच्या खाणी तिच्याकडे आल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा २१० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. १९९७ पर्यंत सात संच मिळून केंद्राची क्षमता २३४० मेगावॉट झाली. नंतर पहिले दोन संच निवृत्त झाले आणि पाचशे-पाचशेचे दोन नवे आले, त्यामुळे ती २९२० मेगावॉटवर पोचली. राज्याच्या मालकीच्या वीजकेंद्रांत हे सर्वांत मोठे. घुग्घुस तिथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. त्या पंचवीस किलोमीटरांत खेळाने जे गाळले ते सगळे पसरलेले आहे.

हिशेब साधा आहे. आपल्याकडच्या कोळशाने एक युनिट वीज तयार करायला ढोबळमानाने पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो. शंभर वॉटचा दिवा दहा तास जळला की एक युनिट होते. आपल्या कोळशात राख फार, तिसऱ्या हिश्श्याहून अधिकच. म्हणजे त्या एका दिव्यामागे पाव किलोच्या आसपास राख उरते, ती कुठेतरी ठेवावी लागते. वाफेसाठी आणि ती वाफ थंड करण्यासाठी पाणी लागते, ते इरई धरणातून येते; २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटले तेव्हा केंद्राचे संच पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषणाचा जो निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे होते, आणि त्या पट्ट्यात ताडाळी, बल्लारपूर यांच्याबरोबर घुग्घुसचाही समावेश होता. घुग्घुसात खाणींखेरीज सिमेंटचा कारखाना आहे, लोखंडाचा कारखाना आहे. सगळा दोष विजेच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. पण या साऱ्यांनी हीच जागा निवडली याचे कारण कोळसा हेच होते.

आणखी एक गंमत अशी, की खाणीलाही वीज लागते. जमिनीखालच्या खाणीत पाणी सतत पाझरत असते, ते पंपांनी उपसले नाही तर खाण बुडते. हवा खेळवायला पंखे लागतात. उघड्या खाणीत कोळसा उचलणारी मोठी यंत्रेही विजेवर चालतात. म्हणजे कोळसा वाघिणीत बसून केंद्राकडे जातो आणि त्यातला थोडासा तारेवाटे पुन्हा त्याच विवरात परततो, आणखी कोळसा वर काढण्यासाठी. खाणीच्या वसाहतीतल्या क्वार्टरांना कंपनीची वीज, शेजारच्या बस्तीला मंडळाची. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन निरनिराळ्या तारा. मुलखातल्या कोळसावस्त्यांची ही रचना ज्याने पाहिली आहे त्याला खेळातला ‘परिघ’, ज्यात आला की दिवा आपोआप पेटतो, फारसा अपरिचित वाटणार नाही.

आता तारेकडे वळू. खेळात कोणत्याही खांबावरून कोणत्याही दिशेला फाटा काढता येतो. वास्तवात तारांचीही वर्णव्यवस्था आहे. केंद्रातली वीज निघते ती दाब वाढवून, ४०० किलोव्होल्टवर, कारण दाब जितका जास्त तितका प्रवाह कमी आणि तार तापून वाया जाणारी वीज कमी. मग उपकेंद्रागणिक दाब उतरत जातो: २२०, १३२, ३३, ११ किलोव्होल्ट. अखेर गावाबाहेरच्या दोन खांबांवर बसवलेले रोहित्र, ज्याला अख्खा महाराष्ट्र ‘डीपी’ म्हणतो, अकरा हजारांचे घरगुती २३० व्होल्ट करते. ज्या गावावरून ४०० किलोव्होल्टची तार गेली आहे त्या गावाला तिचा काही उपयोग नसतो. नदीकाठी राहून तहानलेले राहावे तसे. आणि १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे ही जी वाहिनी पूर्ण झाली ती तर या बाबतीत टोकाचीच. लांबी ७५२ किलोमीटर, दाब धन-ऋण ५०० किलोव्होल्ट, वहनक्षमता १५०० मेगावॉट, आणि प्रवाह एकदिश. इतक्या लांब अंतरावर एकदिश प्रवाह स्वस्त पडतो, तारा कमी लागतात, तूट कमी होते. परंतु प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश करणारे आणि पुन्हा उलट करणारे स्थानक अतिशय खर्चिक असते, म्हणून ते फक्त दोन टोकांना बांधतात. मधल्या वाटेत फाटा काढता येत नाही. विदर्भ, मराठवाडा ओलांडत, कापूस-सोयाबीन-उसाच्या रानांवरून ती तार मुंबईच्या उंबऱ्यावर, ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला उतरते. यात कोणाचे कारस्थान नाही, अभियांत्रिकी आहे. पण मुळशीच्या खाचरवाल्याची गोष्ट अभियांत्रिकीने इतक्या स्वच्छ रूपात पुन्हा कधी सांगितली नसेल.

२००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात विजेची तूट वाढली, ग्रामीण भागात भारनियमन बारा-बारा तासांवर गेले, आणि मुंबईत ते जवळजवळ नव्हतेच. ‘वीज आमची, अंधारही आमचाच’ ही भावना विदर्भात त्या काळी सभांतून, चहाच्या टपऱ्यांवरून सर्रास ऐकू येई. त्याच वर्षी, जून २००५ मध्ये, विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या होत्या. भाषेच्या अंगाने ही नावे लक्षणीय आहेत. निर्मिती, पारेषण, वितरण ही तिन्ही संस्कृतोद्भव नामे, तिन्हींच्या आधी ‘महा’. त्यांच्याच कागदपत्रांत रोहित्र, उपकेंद्र, वाहिनी, भारनियमन असे शब्द नांदतात. आणि खांबाखाली उभा असलेला माणूस म्हणतो, डीपी जळाली, फेज उडाला, न्यूट्रल तुटला, वायरमनला बोलवा. मराठीत विजेच्या दोन समांतर वाहिन्या आहेत, उच्चदाब आणि लघुदाब, आणि त्यांच्यात भाषेचे रोहित्र कुठेच बसवलेले नाही. ‘वीज’ हा शब्द आपण आकाशातून उचलला. वीज पडते ती आकाशातून, वीज जाते ती खांबावरून. घरातली वीज गेली की पश्चिम महाराष्ट्रात ‘लाईट गेली’ म्हणतात, विदर्भात पुष्कळदा ‘लाईन गेली’. पहिल्या प्रयोगात दिवा आहे, दुसऱ्यात तार आहे. ज्या मुलखातून तारा निघतात तिथल्या बोलीने दिव्याऐवजी तारेला नाव द्यावे, यात आम्ही फार अर्थ शोधत नाही. पण शब्द ऐकू आला की कान टवकारतात खरे.

या सगळ्या शब्दसंग्रहात एका शब्दावर मात्र थांबलेच पाहिजे. तो म्हणजे ‘आकडा’.

आकडा म्हणजे संख्या. आकडा म्हणजे वाकवलेली तार, गळ, अडकवण्याचे साधन. वीजव्यवहारात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदतात. संख्येचा आकडा आधी पाहू. गाव ‘विद्युतीकृत’ झाले असे केव्हा म्हणायचे? १९९७ पर्यंत सरकारी व्याख्या अशी होती, की गावाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असेल तर गाव विद्युतीकृत. हरितक्रांतीच्या काळात, १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले तेव्हा भर होता तो पंपांवर. तेव्हा शिवारातल्या एका विहिरीवर एका बागाइतदाराचा पंप चालू झाला की गावाच्या नावापुढे खूण होत असे. वस्ती अंधारात असली तरी चाले. १९९७ मध्ये व्याख्या बदलली: वीज महसुली हद्दीत नव्हे, वस्तीत वापरली गेली पाहिजे. तरीही एक दिवा पुरे होता. २००४ मध्ये ती आणखी कडक झाली. वस्तीत, आणि दलित वस्ती असेल तर तिच्यातही, रोहित्र आणि तारा हव्यात. शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक जागी वीज हवी. आणि किमान दहा टक्के घरांत ती पोचलेली हवी. दहा टक्के. शंभर उंबऱ्यांच्या गावात दहा उंबरे उजळले की नव्वद अंधारे उंबरे आकडेवारीत उजळून निघतात. ‘दलित वस्तीतही’ हे शब्द व्याख्येत मुद्दाम घालावे लागले, यावरून तोवर खांब कुठे येऊन थांबत असे हे वाचणाऱ्याने ओळखावे. सामाजिक इतिहासाचा एवढा ऐवज एखाद्या सरकारी व्याख्येत क्वचितच सापडतो. ‘वास्तववाद’ शिकवताना आम्ही हा उतारा वर्गात लावावा असे सुचवू.

या व्याख्यांनुसार देशातले शेवटचे गाव, मणिपूरमधले लेइसांग, २८ एप्रिल २०१८ रोजी उजळले. त्याआधी एप्रिल २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ‘सौभाग्य’ योजना आली. या योजनांनी हिशेबाचे एकक गावाकडून घराकडे आणले, हा खरा बदल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली ८३.९ टक्के घरे उजेडासाठी वीज वापरत होती. म्हणजे दर सहा घरांतले एक घर तेव्हाही चिमणी-कंदिलावर होते. त्यातली किती घरे गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला होती हे तिकडे फिरलेल्याला सांगायला नको. भामरागड तालुक्यातल्या हेमलकसा इथे १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना चालवला, तो सुरुवातीची कित्येक वर्षे विजेशिवाय. माडिया रुग्णांवरच्या शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात झाल्या. त्या वर्षांत त्याच जुन्या चांदा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला देशातल्या मोठ्या औष्णिक केंद्रांपैकी एक उभे राहत होते. भामरागड, एटापल्लीतल्या काही पाड्यांवर खांब पोचायला २०१७ नंतरची वर्षे उजाडावी लागली. काही ठिकाणी खांबाऐवजी सौर पाट्या आल्या. जंगलात खांब नेणे अवघड असते, नद्या पूल नसलेल्या, पावसाळ्यात गावे तुटलेली, वन खात्याच्या परवानग्या, माओवादी हिंसेची सावली. ही सगळी कारणे खरी आहेत. फक्त कोळसा नेण्याच्या वाटेत असली कारणे इतकी वर्षे आडवी आलेली दिसत नाहीत.

आता दुसरा आकडा. ज्याच्याकडे मीटर नाही किंवा मीटरचे बिल भरण्याची ऐपत नाही, तो सायंकाळी बांबूच्या टोकाला तार वाकवून ती लघुदाबाच्या उघड्या वाहिनीवर अडकवतो. याला आकडा टाकणे म्हणतात. दुसरी तार न्यूट्रलवर, नाहीतर जमिनीत पुरलेल्या सळईला. सकाळी आकडा काढून छपरावर ठेवायचा. वीज कायदा २००३ च्या १३५ व्या कलमानुसार ही चोरी आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. आकडा टाकताना, विशेषतः ओल्या बांबूने, जीव जाऊ शकतो आणि जातो. रोहित्रावरचा भार बेहिशेबी वाढला की ते जळते आणि बिल भरणाऱ्यांसह सगळी आळी अंधारात बसते. तेव्हा यात रम्य बंडखोरी पाहण्याचे कारण नाही. शहरातले मोठे चोर आकडा टाकत नाहीत, ते मीटरलाच गप्प बसवतात. पण खेळातल्या वस्तीकर्त्याचे काम आणि आकडा टाकणाऱ्याचे काम यांत जे साम्य आहे ते नाकारता येत नाही. दोघेही भंगारातली तार वापरतात. दोघांनाही खांबापासून दिव्यापर्यंतचे अंतर डोळ्यांनी मोजावे लागते. दोघेही एका मेलेल्या वाटणाऱ्या वस्तीत उजेड आणतात. खेळात त्याबद्दल गुण मिळतात.

‘कुटीर ज्योती’ नावाची योजना १९८८-८९ मध्ये निघाली होती. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका दिव्याची जोडणी. एक दिवा, एक बटन. दुसरे काही त्यावर चालवायचे नाही. ‘फॉलआउट’मधल्या तीन एककांच्या जनित्राची आठवण करून देणारी ही मर्यादा, फरक इतकाच की तिथे खेळणारा दुसरे जनित्र मांडू शकतो. एका दिव्याच्या घरात साहजिकच रात्री पंख्याची आणि सकाळी रेडिओची गरज निर्माण झाली, आणि संख्येचा आकडा जिथे संपला तिथून तारेचा आकडा सुरू झाला. कुठल्याही वीज कंपनीच्या गळतीच्या तक्त्यात हे दोन आकडे एकमेकांशेजारी सापडतील.

खांबांबद्दल बोलायचे राहिले. जमिनीखालचा कोळसा काढण्याची जुनी पद्धत अशी, की थरात उभे-आडवे बोगदे खणत जायचे आणि त्यांच्या मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून राखायचे. पुढे शेवटच्या टप्प्यात हे खांबही काढून घेतात आणि पोकळी वाळूने भरतात, किंवा छत हळूहळू बसू देतात. खाण बंद पडून वर्षे लोटली, खांब झिजले, भरण अपुरी असली, की वरची जमीन कधीतरी खचते. कोळसापट्ट्यांतल्या जुन्या गावांना ही भीती नवी नाही, फक्त ती रोजची नसते. पिढ्या बदलतात, खाण कुठून कुठे गेली होती हे सांगणारी माणसे जातात, आणि पोकळीच्या वर घरे होतात, त्यांना वीज येते, मीटर बसतात.

घुग्घुसच्या अमराई वॉर्डात ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहते घर दिवसाढवळ्या जमिनीत गेले. घरातली माणसे हादरा जाणवताच बाहेर पळाल्यामुळे वाचली. जिथे घर होते तिथे कित्येक फूट खोल खड्डा पडला आणि घर त्यात दिसेनासे झाले. खाली जुनी भूमिगत खाण होती. भोवतालच्या कुटुंबांना घरे रिकामी करून दुसरीकडे जावे लागले, आणि मग त्यांच्या पुनर्वसनाच्या जागेचा, भाड्याचा, घरांच्या किमतीचा तो लांबलचक पत्रव्यवहार सुरू झाला जो आपल्याकडे अशा प्रत्येक प्रसंगानंतर सुरू होतो. नकाशे काढले गेले, जमिनीला भोके पाडून पोकळी कुठवर आहे ते तपासण्याच्या गोष्टी झाल्या. वरच्या खांबांची मोजदाद वीज कंपनीकडे असते, खांबागणिक क्रमांक रंगवलेला असतो. खालच्या खांबांवर क्रमांक नसतात.